जक्कयाचे दुसरे वचन

हंगामाच्या सणाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, केळीचे घड, नारळ, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी अशी रास लागलेली असते. उपासना संपली की लिलाव सुरू होतो, आणि बाजारात वीस रुपयांना मिळणारा भोपळा दोनशेला जातो. भोपळा घेणारा हसत असतो, मंडळी टाळ्या वाजवत असते, आणि खजिनदार वहीत आकडा मांडत असतो. दृश्य मोठे आनंदाचे आहे आणि त्या आनंदात काही खोट आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्या दिवशी सर्वांचे डोळे वेदीपुढील राशीवर खिळलेले असतात. शेतात आणि दुकानात जे राहिले, पगाराच्या खात्यात जे उरले, ते कसे आले आणि त्याचे पुढे काय होणार, हे कोणी विचारीत नाही. दिलेल्या भागाने न दिलेल्या भागाची जणू पावती फाटते.

देव हिशेब मागतो तो दिलेल्या भागाचा की उरलेल्या भागाचा? हा प्रश्न जुना आहे. तो पुन्हा मांडण्याचे निमित्त आहे फिलिपाईन्स देशातील एका ख्रिस्ती गृहस्थाचे जीवन. त्यांचे नाव हॉवर्ड डी. उद्योगपती, समाजकार्यकर्ते, राजदूत, शांतिवाटाघाटींचे प्रमुख अशी त्यांची अनेक ओळखपत्रे आहेत. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी मनिला येथे त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. त्याच व्यासपीठावर त्या वर्षीचे आणखी एक मानकरी होते आपल्या कर्जतचे डॉ. भरत वाटवानी. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणून, बरे करून, त्यांच्या घरी परत पोहोचविण्याचे काम ते आपल्या पत्नीसह १९८८ पासून करीत आले आहेत. एका बाजूला कारखानदारीतून आलेला वयोवृद्ध राजदूत आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या वेड्या माणसाच्या शेजारी जाऊन बसणारा डॉक्टर. या दोघांना एका ओळीत उभे करणारा धागा कोणता, हे शोधताना हा लेख घडला.

प्रथम त्या देशाविषयी थोडे सांगावयास हवे. फिलिपाईन्स हा आशिया खंडातील सर्वांत मोठा ख्रिस्ती देश. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य, नंतर सुमारे अर्धे शतक अमेरिकेचे, आणि १९४६ साली स्वातंत्र्य. जवळजवळ ऐंशी टक्के लोक कॅथोलिक. तेथे रविवारी देवळे ओसंडतात आणि गुड फ्रायडेला रस्ते भरून जातात. असे असून जमीन मात्र पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या घराण्यांच्या हाती राहिली. नेग्रोस बेटावर उसाच्या मैलोगणती विस्ताराच्या जमीनदाऱ्या आणि त्यांच्या कडेला ऊसतोडणी मजुरांच्या झोपड्या. मालक आणि मजूर दोघेही एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेत होते. एका भाकरीचे वाटेकरी असूनही दोघांच्या ताटातील अंतर कमी होत नव्हते. ख्रिस्ती समाजात अन्याय असू शकतो, एवढेच नव्हे, तर तो भक्तिभावाने नांदूही शकतो, हे त्या देशाने जगाला दाखविले. आपणही ते पाहिलेले आहे. फक्त आपण ते फारसे बोलून दाखवीत नाही.

१९७० च्या पहिल्या तीन महिन्यांत मनिलाच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांचा असंतोष उसळला. त्यापूर्वी, १९६८ च्या डिसेंबरात, नव्या कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली होती आणि १९६९ च्या मार्चमध्ये त्याची सशस्त्र सेना उभी राहिली होती. १९७० च्या नोव्हेंबरअखेर पोप सहावे पॉल मनिलास आले. सहा वर्षांपूर्वी, १९६४ च्या डिसेंबरात, हेच पोप मुंबईला आले होते आणि जाताना आपली मोटार मदर तेरेसांना देऊन गेले होते, हे आपल्या ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. मनिलात ते तोंदो या दरिद्री वस्तीत गेले. खाजगी मालमत्ता हा बिनशर्त हक्क नाही, दुसऱ्याला जगण्यापुरतेही मिळत नसताना आपल्या गरजेपलीकडचे केवळ आपले म्हणून राखून ठेवता येत नाही, अशी शिकवण त्यांनी १९६७ सालच्या आपल्या धर्मपत्रात दिली होतीच.

पोपमहाशय गेल्यावर महिन्याभरात, डिसेंबर १९७० मध्ये, मनिलातील सुमारे पन्नास उद्योगांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन एक संस्था स्थापिली. तिचे नाव फिलिपाईन बिझनेस फॉर सोशल प्रोग्रेस. हॉवर्ड डी तिच्या संस्थापकांपैकी एक होते. व्हेनेझुएला देशातील उद्योजकांनी काही वर्षे आधी असा प्रयोग केला होता, तो त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला. प्रतिज्ञा साधी होती : कर भरण्यापूर्वीच्या निव्वळ नफ्यातील एक टक्का समाजाच्या विकासासाठी बाजूला काढावयाचा. कायद्याची सक्ती नव्हती. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास देणे बंधनकारक केले. त्यापूर्वी चार दशकांहून अधिक काळ तेथील काही मंडळींनी स्वेच्छेने एक टक्का पत्करला होता, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही येथे थांबून विचारले पाहिजे. रस्त्यावर आग लागलेली असताना शंभरातील एक देणे, हे औदार्य की विमा? ही शंका त्या काळी घेतली गेली असेल तर ती अगदीच गैरवाजवी नव्हती. नव्याण्णव सुरक्षित राहावेत म्हणून एक देणे, हा व्यापारातील शहाणपणा आहे. त्याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही. आणि नव्याण्णवाची कहाणी नेहमीच स्वच्छ असते असेही नाही. डी ज्या युनायटेड लॅबोरेटरीज या औषधकंपनीत वरच्या पदांपर्यंत चढले, ती १९४५ साली युद्धात उद्ध्वस्त झालेल्या मनिलात एका लहानशा औषधाच्या दुकानातून सुरू झाली आणि देशातील अग्रगण्य कंपनी बनली. कष्टाची आणि कल्पकतेची ती कथा आहे. परंतु १९८६ साली हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांची सत्ता कोसळली, तेव्हा याच कंपनीचे एक संस्थापक होजे कांपोस यांनी मार्कोस यांच्या वतीने आपल्याकडे ठेवलेल्या कितीतरी मालमत्ता नव्या सरकारच्या स्वाधीन केल्या. ही गोष्ट डी यांच्या माथी मारण्यासाठी मी सांगत नाही. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षा कोराझॉन अक्विनो यांनी डी यांना आपले राजदूत म्हणून व्हॅटिकनला पाठविले, आणि १९९० पर्यंत ते त्या पदावर होते. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या घरात दानपेटी असते त्याच घरात बंद कपाटही असू शकते, आणि दानपेटीकडे बोट दाखवून कपाटाची चौकशी टाळता येत नाही.

यरीहोच्या जक्कयाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. बुटका जकातदार, उंबराचे झाड, प्रभू येशूची हाक आणि जक्कयाच्या घरी झालेले जेवण. त्या जेवणाच्या वेळी जक्कय उभा राहून दोन गोष्टी बोलतो. आपण बहुधा पहिली लक्षात ठेवतो : अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना. रविवारच्या शाळेत मुले हेच उत्तर देतात, आणि प्रवचनातही त्या अर्ध्या भागाचेच कौतुक होते. परंतु त्याचे दुसरे वचन अधिक भयंकर आहे. ज्या कोणाचे त्याने अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले.

दोन्ही वचने देण्याचीच आहेत, मग फरक काय? पहिल्या वचनात जक्कय दाता आहे. कोणाला द्यावे, केव्हा द्यावे, कसे द्यावे हे तोच ठरविणार. घेणाऱ्याने फक्त हात पुढे करावयाचा आणि आभार मानावयाचे. दुसऱ्या वचनात तो ऋणको होतो. आता यरीहोतील कोणीही विधवा, कोणीही शेतकरी त्याच्या दाराशी येऊन म्हणू शकतो की, अमक्या वर्षी तू माझ्याकडून जास्त घेतलेस. येणारा भिकारी म्हणून येत नाही, दावा घेऊन येतो. जक्कयाने आपले दार आतून उघडले आणि त्याची कडी लोकांच्या हाती दिली. दानात पैसा जातो आणि अधिकार हातात राहतो. न्यायात अधिकारही सोडावा लागतो. शेकड्याचा हिशेब पहिल्या वचनाला लागू पडतो. दुसऱ्या वचनाला तो लावताच येत नाही, कारण दाराशी किती जण येतील हे दार उघडणाऱ्याला ठाऊक नसते.

हॉवर्ड डी यांच्या जीवनाकडे मी या दुसऱ्या वचनाच्या उजेडात पाहतो, आणि मग त्यांच्या राजदूतपदापेक्षा एका टेबलाचे मला अधिक महत्त्व वाटते. ते टेबल नेदरलँड्समध्ये होते. १९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी कम्युनिस्ट बंडखोरांशी बोलणी करण्यासाठी जे सरकारी शिष्टमंडळ नेमले, त्याचे डी हे प्रमुख होते. समोरच्या बाजूचे प्रमुख होते लुईस हालान्दोनी. हे गृहस्थ कोण? नेग्रोस बेटावरील जमीनदार घराण्यात १९३५ साली जन्मलेले, कॅथोलिक धर्मगुरू झालेले आणि बाकोलोद धर्मप्रांताच्या समाजकार्यात ऊसमजुरांची दैना जवळून पाहिलेले. १९७२ साली मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारल्यावर ते भूमिगत झाले, १९७३ साली पकडले गेले, सुटकेनंतर १९७६ साली त्यांनी नेदरलँड्समध्ये आश्रय घेतला. त्यांच्या पत्नी कोनी लेदेस्मा या एके काळच्या धर्मभगिनी, त्याही त्याच शिष्टमंडळात. हालान्दोनी २०२५ साली परदेशातच निवर्तले.

या टेबलाचे चित्र मनात आणले की मला अस्वस्थ वाटते. एका बाजूला नित्य जपमाळ हाती घेणारा मरियाभक्त उद्योगपती, शासनाच्या वतीने बसलेला. दुसऱ्या बाजूला एके काळी वेदीवर मिस्सा अर्पण करणारा जमीनदारपुत्र, बंदूकधाऱ्यांच्या वतीने बसलेला. दोघांनीही त्याच शुभवर्तमानात श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दारातला लाजर यांची गोष्ट वाचलेली. एकाने त्यातून असा अर्थ घेतला की, आतून दार उघडून लाजराला घरात घ्यावे. दुसऱ्याने असा की, ते दार आतून कधीच उघडणार नाही, ते बाहेरून मोडावे लागेल. आपल्यापैकी कितीजण छातीवर हात ठेवून म्हणू शकतील की, दुसऱ्याचे निदान सर्वस्वी चुकीचे होते?

निदान खरे असले तरी औषध खरे ठरत नाही. या सशस्त्र चळवळीने १९८० च्या दशकात हेरगिरीच्या नुसत्या संशयावरून आपल्याच शेकडो कार्यकर्त्यांचा छळ केला व त्यांना ठार मारले. पुढे तिच्या नेतृत्वालाही ही चूक मान्य करावी लागली. मारले गेलेले बहुतेक गरीबच होते. गरिबांच्या वतीने बोलण्याचा मक्ता ज्याने घेतला, त्यानेही गरिबाच्या हाती दाव्याची कडी दिली नव्हती. मालक म्हणतो, तुझे हित मला कळते. बंदूकधारीही तेच म्हणतो. दोघांच्या मध्ये उभा असलेला शेतकरी रात्री एकाला जेवू घालतो, सकाळी दुसऱ्याला उत्तरे देतो, आणि दोघांपैकी कोणाकडूनही त्याला हिशेब मागता येत नाही.

१६ मार्च १९९८ रोजी हेग येथे या दोन शिष्टमंडळांनी एका करारावर सह्या केल्या. मानवी हक्क आणि युद्धकाळातील मानवतेचे कायदे दोन्ही बाजूंनी पाळावेत, असा तो करार. त्याने युद्ध थांबले नाही. जमिनीचा प्रश्न सुटला नाही. बोलणी पुढे अनेकदा तुटली, २०१७ साली तर सरकारने ती जाहीरपणे मोडली, आणि २०२३ साली ऑस्लो येथे पुन्हा प्रारंभ करण्याचे संयुक्त निवेदन निघाले. यशाच्या तराजूत घातला तर हा कागद हलका भरेल. परंतु त्या कागदातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. कराराचा भंग झाल्यास तक्रारी स्वीकारण्यासाठी दोन्ही बाजूंची एक संयुक्त देखरेख समिती असावी, असे त्यात ठरले, आणि २००४ साली ती कामाला लागली. म्हणजे शासनाने मान्य केले की, माझ्या शिपायाविरुद्ध खेड्यातला माणूस तक्रार करू शकतो. बंडखोरांनी मान्य केले की, माझ्या बंदूकधाऱ्याविरुद्धही करू शकतो. दोन बलिष्ठांनी आपल्या दाराची कडी, अगदी थोडी का होईना, बाहेरच्याच्या हाती दिली. जक्कयाचे दुसरे वचन राज्यकारभाराच्या रुक्ष भाषेत लिहिले, तर ते काहीसे असेच दिसेल.

डी यांच्या इतर कार्याकडेही याच दृष्टीने पाहता येते. १९७५ साली त्यांनी असिसी डेव्हलपमेंट फाउंडेशनची स्थापना केली. नाव संत फ्रान्सिसचे, ज्याने कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या घराचा त्याग केला. १९९८ साली मिंदानाव बेटावर भीषण अवर्षण पडले, तेव्हा धर्मसभा, उद्योजक, वृत्तमाध्यमे आणि स्वयंसेवी संस्था यांना एकत्र आणून 'ताबांग मिंदानाव' हे मदतकार्य उभे राहिले. ताबांग म्हणजे साहाय्य. मिंदानावातील मुसलमान व आदिवासी यांच्याशी ख्रिस्ती बहुसंख्याकांचे वैर पिढ्यांचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दाचे वजन कळते. पुढे २००६ साली दावाव येथील विद्यापीठात आदिवासी तरुणांसाठी 'पामुलाआन' हे शिक्षणकेंद्र निघाले, त्यामागेही असिसी संस्थेचे पाठबळ होते. पामुलाआन म्हणजे रोपवाटिका. तेथे आदिवासी मुलामुलींना पदवी मिळते, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांचे ज्ञान हा टाकून देण्याचा केर न मानता शिक्षणाचा भाग मानला जातो. आदिवासींना शाळा देणारे पुष्कळ असतात. शाळेत काय शिकवावे हे त्यांना विचारणारे थोडे.

आणखी एक गोष्ट सांगतो. २००४ साली मनिलाचे महाधर्माध्यक्ष गौदेन्सियो रोसालेस यांनी 'पोंदो नांग पिनॉय' नावाचा निधी सुरू केला. दिवसाला फक्त पंचवीस सेंताव्हो, म्हणजे एका पेसोचा चौथा हिस्सा, प्रत्येकाने बाजूला ठेवावा. इतकी लहान रक्कम का? तर घेणाऱ्यांनाही देता यावे म्हणून. या निधीतून आणि असिसीसारख्या संस्थांच्या सहकार्याने भुकेल्या मुलांना जेवण देण्याची योजना चालली. ज्या आईचे मूल त्या पंगतीत जेवते, तीच आई पंचवीस सेंताव्होचे नाणे टाकणारी दातीही असू शकते. मंदिरातील दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूने प्रशंसा का केली, याचा एक अर्थ मला येथे नव्याने उमगतो. तिची रक्कम मोठी नव्हती, पण ती टाकल्यावर ती कोणाच्याही दयेचा विषय राहिली नाही.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण वरील विचार मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे शालेय शिक्षण एका मिशन बोर्डिंगात झाले. दूरदेशीची एक बाई माझ्या जेवणाखाण्याचा खर्च देत होती. वर्षातून एकदा, नाताळापूर्वी, आम्हा मुलांना आपापल्या दात्यांना पत्रे लिहावी लागत. गुरुजी मजकूर फळ्यावर लिहीत आणि आम्ही तो उतरवून काढत असू. एका वर्षी मी खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातली की, मला चपला नाहीत. गुरुजींनी ती वाचली, मला जवळ बोलाविले, रागावले नाहीत, पण म्हणाले, "बाळ, असे मागू नये. त्यांना वाईट वाटेल." पत्र नवीन कागदावर पुन्हा लिहिले. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, त्यांच्यामुळे मी शिकलो. तरी साठ वर्षांनंतरही मला वाटते की, ती ओळ त्यांच्यापर्यंत पोहोचली असती तर त्यांना वाईट न वाटता बरेच वाटले असते. आमच्यामध्ये त्या दिवशी एक खरे नाते जुळले असते. दानाची व्यवस्था इतकी नीटनेटकी होती की, तीत गरजेचे नाव घ्यायला जागा उरली नव्हती.

आपला मराठी ख्रिस्ती समाज बहुतांशी अशा घेणाऱ्यांच्या रांगेतून पुढे आला आहे. दुष्काळातील अन्न, मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना. आज आपण देणाऱ्यांच्या बाजूला उभे आहोत. पुण्यामुंबईतच नव्हे, तर बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली येथे आपली कुटुंबे सुस्थितीत आहेत. आपण दशांश देतो, नाताळात वस्त्यांमध्ये घोंगड्या वाटतो. घोंगडी घेणाऱ्या म्हातारीला क्षणभर थांबवून छायाचित्र काढतो. तिला घोंगडीच हवी होती की औषध, हे कोणी विचारले? आमच्या मंडळीच्या साहाय्य समितीवर मी अकरा वर्षे होतो. गरजूंच्या अर्जांवर आम्ही निर्णय देत असू. त्या अकरा वर्षांत ज्यांना कधी तरी मदत घ्यावी लागली होती अशांपैकी एकालाही आम्ही समितीवर घेतले नाही, आणि ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नाही. फळ्यावरचा मजकूर उतरवून काढणारा मुलगा मोठा होऊन स्वतःच फळ्यावर लिहू लागला होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याच घरात आहे, आणि तेही १९७० सालचेच. ज्या वर्षी मनिलाच्या उद्योजकांनी एक टक्क्याची प्रतिज्ञा केली, त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे आपले कार्य आरंभिले. परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांनीच निवडलेल्या स्त्रियांना, त्यांतील पुष्कळशा निरक्षर आणि दलित, आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, बालकांची काळजी, रोगाची पहिली ओळख या गोष्टी त्या करू लागल्या. १९७९ साली या दांपत्यालाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांनी तेथे औषधे दिली हे तर खरेच, पण त्यांनी जे दिले ते त्याहून अवघड होते. ज्ञानाचा जो अधिकार डॉक्टरला गावापेक्षा उंच ठेवतो, तो त्यांनी वाटून टाकला. हेच जामखेडचे मर्म आहे, आणि डॉ. वाटवानींच्या कार्याचेही. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आश्रमात जन्मभर पोसणे हे दान झाले असते. त्याला त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याचे घर परत मिळवून देणे म्हणजे त्याचा दावा मान्य करणे होय.

यावर कोणी म्हणेल, हे सारे थोरांना शक्य. सामान्य माणसाने दशांश द्यावा आणि समाधान मानावे. मला तसे वाटत नाही. किंबहुना टक्केवारी मोठी असणे हे श्रीमंतालाच शक्य आहे, अधिकार सोडणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे, कारण प्रत्येकाच्या हाती कोणावर तरी थोडासा अधिकार असतोच. घरकाम करणाऱ्या बाईवर, दुकानातल्या पोऱ्यावर, संस्थेतील शिपायावर, घरातील म्हाताऱ्या माणसावर. यांपैकी कोणाला माझ्याविरुद्ध बोलण्याची सोय आहे काय? बाईने पगार वाढवून मागितला तर तिला कृतघ्न न म्हणता मी तिच्याशी बसून हिशेब करतो काय? दशांशाची पावती या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. आणि उलट बाजूही स्पष्ट केली पाहिजे. एक टक्का क्षुद्र आहे म्हणून तो देऊच नये, असे मी म्हणत नाही. जक्कयाने पहिले वचन दिल्यावरच दुसरे दिले. ज्याची मूठ कधी सुटलीच नाही, त्याचे दार उघडणे कठीण.

हॉवर्ड डी यांनी सुमारे अर्धे शतक समाजकार्यास दिले. त्यांच्या देशात अजून दारिद्र्य आहे आणि ज्या युद्धाच्या समाप्तीसाठी ते बसले त्या युद्धाची समाप्ती त्यांच्या टेबलावर झाली नाही. त्यांना संत ठरविण्याचा माझा विचार नाही. परंतु शंभरातील एक देऊन निश्चिंत घरी बसता आले असते, तेव्हा जो मनुष्य आपल्या वर्गाच्या वैऱ्यासमोर जाऊन बसला आणि त्याचे आरोप ऐकून घेत राहिला, त्याला दुसऱ्या वचनाची वाट तरी ठाऊक होती, असे म्हणावयास हवे.

यरीहोतील ते जेवण संपले. प्रभू येशू यरुशलेमच्या दिशेने पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जक्कयाच्या दाराशी किती माणसे आली, कोणी काय मागितले, चौपट देता देता त्याच्याजवळ काय उरले, हे लूकने लिहिलेले नाही. ती सकाळ त्याने आपल्यासाठी ठेवली आहे. हंगामाचा सण पुन्हा येईल, वेदीपुढे पुन्हा रास लागेल. आपला भोपळा जरूर न्यावा. पण परतताना आपल्या दाराशी कोणी उभे आहे काय, हे पाहावे, आणि असल्यास त्याला आधी बोलू द्यावे.